पाच लाखांची सरकारी योजना आहे, मग मेडिक्लेम कशाला?

आत्याच्या मुलाने परवा फोनवर विचारलं, ताई, आता रेशनकार्ड पांढरं असलं तरी सरकार पाच लाखांपर्यंत उपचार देतंय, मग मी दरवर्षी एवढा प्रीमियम का भरू? हा प्रश्न मला हल्ली फार जण विचारतात. आणि उलट्या बाजूचेही भेटतात, ज्यांच्याकडे दहा लाखांची पॉलिसी आहे म्हणून सरकारी दवाखान्याची पायरी आयुष्यात चढणार नाही असं ठरवून बसलेत. माझ्या मते दोघांचाही हिशोब चुकतोय, कारण या दोन गोष्टी एकमेकींच्या जागी बसतच नाहीत, दोघींची कामं वेगळी आहेत. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी योजनेचं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना, म्हणजे २०१२ साली आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी म्हणून सुरू झालेली तीच, आधी पिवळ्या-केशरी कार्डवाल्यांसाठी होती आणि मर्यादा दीड लाख होती. आता ती केंद्राच्या आयुष्मान भारतबरोबर एकत्र आहे, पांढरं कार्ड असलेल्यांनाही लागू आहे आणि कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार मिळतात. पण इथेच लोक फसतात, पाच लाख म्हणजे कुठल्याही हॉस्पिटलचं कुठलंही बिल नाही हो! उपचारांची यादी ठरलेली आहे, प्रत्येकाचं पॅकेज ठरलेलं आहे, हॉस्पिटल योजनेत असावं लागतं आणि तेही त्या आजारासाठी असावं लागतं. एखादं हॉस्पिटल हाडांसाठी योजनेत असेल आणि हृदयासाठी नसेल असं अगदी होतं. काही उपचार तर फक्त सरकारी हॉस्पिटलसाठीच राखीव ठेवलेत. त्यामुळे ॲडमिट होण्याआधी आरोग्यमित्राच्या (योजनेचं काम पाहणाऱ्या माणसाच्या) टेबलावर जायचं, रेशनकार्ड आणि आधार दाखवायचं आणि सरळ विचारायचं की या आजाराचं पॅकेज इथे होतं का. आरोग्यमित्र योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये असतोच. १५५३८८ वर फोन करूनही विचारता येतं. आधी रोख भरून ॲडमिट झालात आणि मग योजनेचं आठवलं तर पुढे फार त्रास होतो.

घरात सत्तरीच्या पुढचं कोणी असेल तर आयुष्मान वय वंदना कार्ड, म्हणजे ज्येष्ठांसाठीचं आयुष्मान भारतचं उपचारांचं कार्ड, आजच काढा. ऑक्टोबर २०२४ पासून ते सुरू आहे, उत्पन्नाची अट नाही, आधार पुरतं, आणि खासगी मेडिक्लेम असला तरी चालतं. पेन्शन चांगली आहे, आपल्याला कोण देणार, असं म्हणून कितीतरी आजी-आजोबांनी ते काढलेलंच नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता ज्यांना सरकारी दवाखाना नकोच आहे त्यांच्यासाठी. कुत्रा चावला तर तुमची दहा लाखांची पॉलिसी बहुतेक वेळा एक रुपया देणार नाही, कारण तुम्ही ॲडमिटच होत नाही, इंजेक्शन घेऊन घरी येता आणि ओपीडीचा खर्च साध्या पॉलिसीत बसत नाही. रेबीजची लस सरकारी दवाखान्यात मोफत मिळते, जखम खोल असेल तर सीरमही (रेबीजविरोधी वेगळं इंजेक्शन) लागतं आणि ते बाहेर महाग पडतं. साप चावला तर गावाकडे जवळच्या ग्रामीण रुग्णालयातच धावायचं, सापाच्या विषावरचं इंजेक्शन तिथे असतं, खासगी दवाखाने शोधत तालुका पालथा घालायचा नाही. टीबीच्या गोळ्या सरकारकडून मोफत, वर आहारासाठी दर महिन्याला खात्यात पैसे जमा होतात, आता ते १००० झालेत. लहान मुलांचं लसीकरण, बाळंतपण (सिझर झालं तरी मोफत), डायलिसिस, हे सगळं आपल्याच पैशातून उभं राहिलेलं आहे. आणि ज्यांना प्राथमिक आरोग्य केंद्र म्हटलं की काही होत नसतं असं वाटतं त्यांनी एवढं लक्षात घ्यावं की विंचवाच्या दंशावर डॉ. हिम्मतराव बावस्करांनी जे काम केलं, ज्यामुळे कोकणात कितीतरी जीव वाचले, त्याची सुरुवात रायगड जिल्ह्यातल्या अशाच एका केंद्रात नोकरी करताना झाली.

१५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरपासून सगळं मोफत झालंय, म्हणजे आरोग्य केंद्र, ग्रामीण, उपजिल्हा, जिल्हा रुग्णालय. ससून किंवा जेजे ही वैद्यकीय शिक्षणवाल्यांकडची, तिथे थोडी फी असते. आणि गर्दीही असते, ते मी नाकारत नाही. एमआरआयला तारीख मिळते, आयसीयूत बेड रिकामा होईपर्यंत नातेवाईक व्हरांड्यात बसून राहतात, एका नर्सकडे किती पेशंट असतात ते ज्याने पाहिलंय त्याला माहितीये. हीच ती जागा जिथे मेडिक्लेम लागतो. आज रात्री, जवळच्या हॉस्पिटलमध्ये, आपल्याला हव्या त्या डॉक्टरकडे बेड मिळावा आणि त्यासाठी सोनं गहाण टाकावं लागू नये, यासाठी तो घ्यायचा.

पण घ्यायचा तर वाचून घ्या, प्लीज. सगळ्यात जास्त लोक कुठे अडकतात तर रूम रेंटमध्ये. समजा पॉलिसी तीन लाखांची आहे आणि रूमची मर्यादा एक टक्का, म्हणजे दिवसाला ३००० रुपये. तुम्ही ६००० ची रूम घेतलीत. लोकांना वाटतं रोजचा फरक तेवढा आपण भरू. तसं नाहीये. रूम दुप्पट घेतली म्हणून सर्जनची फी, ऑपरेशन थिएटरचा चार्ज, डॉक्टरांच्या व्हिजिट हे सगळंच निम्मं धरतात, ते १,२०,००० असेल तर ६०,००० तुमच्या खिशातून. औषधं, इम्प्लांट आणि तपासण्यांना ही कापाकापी लावता येत नाही, तसा नियमच आहे, त्यामुळे तिथेही कापलं असेल तर भांडा. शक्य असेल तर रूमची मर्यादा नसलेलीच पॉलिसी घ्या, थोडा प्रीमियम जास्त गेला तरी चालेल. वैयक्तिक हेल्थ पॉलिसीवरचा १८ टक्के जीएसटी सप्टेंबर २०२५ पासून शून्य झालाय, तेवढा हात मोकळा झाला आहे.

दुसरं म्हणजे आधीचे आजार. बीपी, शुगर, थायरॉईड, जुनं ऑपरेशन, सगळं फॉर्ममध्ये लिहा. एजंट म्हणेल राहू दे हो, प्रीमियम वाढेल, तर त्याचं ऐकू नका, क्लेमच्या दिवशी तो एजंट तुमच्या शेजारी उभा नसतो. सांगितलेल्या आजाराला जास्तीत जास्त तीन वर्षं थांबावं लागतं, त्यापुढे कंपनीला तो कव्हर करावाच लागतो. आणि सलग पाच वर्षं पॉलिसी चालू राहिली की तुम्ही हे सांगितलं नव्हतं म्हणून क्लेम नाकारता येत नाही, फसवणूक सिद्ध झाली तरच. म्हणूनच तिशीत, धडधाकट असताना घ्या म्हणतात, थांबायचा काळ आजार यायच्या आधीच संपून जातो.

कॅशलेसच्या, म्हणजे कंपनीने थेट हॉस्पिटलला पैसे देण्याच्या बाबतीत आयआरडीएआयने (विमा कंपन्यांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) मे २०२४ मध्ये सांगितलंय की मंजुरीचं उत्तर एका तासात आणि डिस्चार्जचं तीन तासांत द्यायचं. डिस्चार्जच्या दिवशी संध्याकाळपर्यंत बसवून ठेवलं तर हा नियम हॉस्पिटलमधल्या टीपीए डेस्कवर, म्हणजे विम्याचे क्लेम बघणाऱ्या टेबलावर सांगा. क्लेम चुकीचा नाकारला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार, आणि महिन्याभरात दाद लागली नाही तर विमा लोकपाल, मुंबईत आणि पुण्यात ऑफिस आहे, फी नाही, वकील लागत नाही.

एक तिसरा रस्ताही आहे जो फार कमी लोकांना ठाऊक आहे. आपल्याकडची बरीच मोठी हॉस्पिटलं ट्रस्टची आहेत, बाहेरून कितीही चकचकीत दिसली तरी. कायद्याने त्यांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्याव्या लागतात. घरकाम करणाऱ्या मावशी, वॉचमन काका, रिक्षावाले दादा यांना हे सांगा, उत्पन्नाचा दाखला काढून ठेवायला सांगा, आणि हॉस्पिटलने खाटा भरल्यात म्हटलं तर धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसला विचारा.

तर आत्याच्या मुलाच्या घरचं आम्ही फोनवरच ठरवलं. मामांना, म्हणजे आत्याच्या यजमानांना, ७१ पूर्ण आहेत, शुगर आहे, या वयात नवी पॉलिसी प्रचंड महाग आणि वर बऱ्याच ठिकाणी २० टक्के को-पे (बिलाचा तेवढा वाटा आपणच भरायचा), म्हणून त्यांच्यासाठी वय वंदना कार्ड, आणि कराडात कुठली हॉस्पिटलं कशासाठी योजनेत आहेत हे तो स्वतः जाऊन विचारून येणार. आत्या ६२ ची आहे, तिच्यासाठी वेगळी पाच लाखांची, रूमची मर्यादा नसलेली. त्याचं स्वतःचं ऑफिसचं कव्हर तीन लाखांचं आहे पण नोकरी सुटली की ते गेलं, त्यामुळे स्वतःची एक छोटी पॉलिसी आत्ताच आणि वरच्या मोठ्या खर्चासाठी सुपर टॉप-अप, म्हणजे ठराविक रकमेच्या पुढचा खर्च देणारी पॉलिसी. आत्याच्या थायरॉईडच्या गोळीचं नाव आणि ती कधीपासून चालू आहे ते तो आज फॉर्मसाठी विचारणार होता, आत्या म्हणतेय एवढ्याशा गोळीचं काय लिहायचं, तर मी आता तिलाच फोन करते.