रिफंडचं कारण: इतर

एप्रिलमध्ये अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर रविवारी संध्याकाळचे सात वाजतात तेव्हा पुण्यात सोमवार उजाडायचा असतो, पहाटेचे साडेचार. २०१४ साली मी हिंजवडीतल्या एका कॉल सेंटरमध्ये टीम लीड होते. एका अमेरिकन केबल कंपनीच्या ग्राहकांचे फोन आमच्याकडे यायचे आणि त्यातला पे-पर-व्ह्यूचा, म्हणजे एकेका कार्यक्रमाचे वेगळे पैसे भरून बघणाऱ्यांच्या फोनचा, क्यू माझ्या टीमकडे होता.

आपल्याकडे तेव्हा टीव्हीवरच्या कुस्तीसाठी वेगळे पैसे मोजायची कुणावर वेळ आली नव्हती. केबलवाल्याला महिन्याचे दिले की डब्ल्यूडब्ल्यूई, म्हणजे अमेरिकेतली करमणुकीची कुस्ती, त्यातच असायची. तिकडे मात्र महिन्याचं बिल भरूनही रेसलमेनियाच्या, म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूईच्या वर्षातल्या सगळ्यात मोठ्या कार्यक्रमाच्या, एका रात्रीसाठी साठेक डॉलर वेगळे पडायचे, एचडी हवं तर आणखी दहा. रिमोटवरून ऑर्डर केली आणि चित्र दिसलं, तर आमच्याशी संबंधच येत नाही. ज्याचं अडतं तो फोन करतो. पिन विसरलेला, बिल थकल्यामुळे ऑर्डर अडकलेला, किंवा पैसे कापले गेले पण पडदा काळाच, असा.

रविवार ६ एप्रिलचा रेसलमेनिया तिसावा होता, न्यू ऑर्लीन्सच्या सुपरडोममध्ये. आदल्या आठवड्यात मी टीमसाठी एक पानभर टिपण केलं होतं: कोण कोणाशी का भांडतोय आणि ग्राहक कुणाचं नाव घेऊ शकतो. माझ्या धाकट्या भावामुळे मला यातलं बरंच माहीत होतं. टीममधली नगरची मुलगी यातलं काहीच बघायची नाही. तिने सरळ विचारलं, "मॅम, कोण जिंकणार हे आधीच ठरलेलं असतं, तर लोक साठ डॉलर कशाला घालवतात?"

मी तिला डॅनियल ब्रायनची गोष्ट सांगितली. ऑगस्ट २०१३ च्या समरस्लॅम या कार्यक्रमात तो जॉन सीनाला हरवून चॅम्पियन होतो. पंच म्हणून उभा असलेला ट्रिपल एच काही मिनिटांत त्यालाच आपटतो आणि रँडी ऑर्टन येऊन पट्टा घेऊन जातो. ट्रिपल एच गोष्टीत कंपनीचा साहेब, आणि खऱ्या आयुष्यातही तेव्हाचा मालक विन्स मॅकमहनचा जावई आणि कंपनीतला मोठा अधिकारी. त्याचं म्हणणं एकच, ब्रायन 'बी-प्लस' आहे, कंपनीचा चेहरा होण्याच्या लायकीचा नाही. हे लिहिलेलं भांडण लोकांना हळूहळू खरं वाटू लागलं, कारण कंपनी त्याला खरोखरच बाजूला सारतेय असं दिसत होतं. जानेवारीत रॉयल रंबल, म्हणजे रेसलमेनियात पट्ट्यासाठी लढायची संधी देणारी लढत, परत आलेल्या बटिस्टाला जिंकवली, तर पिट्सबर्गच्या प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. त्याच सुमारास सीएम पंक हा दुसरा लोकप्रिय पैलवान काम सोडून निघून गेला. मग गोष्टीने वळण घेतलं. मार्चमध्ये ब्रायन लोकांची फौज घेऊन रिंगमध्येच ठाण मांडून बसला. त्यातून अट ठरली की रेसलमेनियाला त्याने आधी ट्रिपल एचला हरवायचं, जमलं तर त्याच रात्री शेवटच्या लढतीत ऑर्टन आणि बटिस्टासमोर उभं राहायचं.

फ्लोअरवर ही गोष्ट फार समजावावी लागली नाही. अप्रेजलमध्ये बी-प्लस घेतलेले निम्मेअधिक तिथेच बसले होते.

अंडरटेकरसाठी टिपणात एक ओळ पुरली. १९९१ पासून रेसलमेनियात एकदाही हरलेला नाही, २१-०, यंदा समोर ब्रॉक लेसनर. त्यावर कुणी प्रश्नही विचारला नाही.

पहाटे तीनपासून क्यू चढायला लागला. कार्यक्रमाआधीचा शेवटचा तास म्हणजे नुसती घाई. काळ्या पडद्यावर आमचा इलाज एकच, बॉक्सला 'हिट' पाठवायची. ग्राहकाला सांगायचं, दुसऱ्या चॅनलवर जा, तिथेच थांबा, बॉक्स बंद करू नका. मग बॉक्सचा नंबर ताडून सिग्नल सोडायचा आणि म्हणायचं, आता परत या. त्या मिनिटभरात त्याचं सगळं घर कानात येतं. कुणीतरी पिझ्झाचे पैसे मागतंय, पोरं कोचावरून उड्या मारतायत, कुत्रं भुंकतंय. चित्र आलं की आधी घरभर आरडाओरडा होतो, 'थँक्यू' नंतर येतं. पुष्कळदा येतही नाही, फोन तसाच ठेवून देतात. त्याचं आम्हाला वाईट वाटायचं नाही. कॉल छोटा झाला की एएचटी, म्हणजे एका कॉलला लागणारा सरासरी वेळ, सुधारतो.

त्या वर्षी एक नवीनच तक्रार होती. २४ फेब्रुवारीला डब्ल्यूडब्ल्यूईने स्वतःचं इंटरनेट नेटवर्क सुरू केलं होतं, महिन्याला ९.९९ डॉलर, सहा महिन्यांची बांधिलकी, आणि त्यात रेसलमेनियासुद्धा. ग्राहक विचारायचे, शेजारी दहा डॉलरमध्ये बघतोय तर मी साठ का देऊ? आमच्या स्क्रिप्टमध्ये याला एकच उत्तर होतं: कार्यक्रम सुरू व्हायच्या आत ऑर्डर रद्द करता येईल. प्रश्न बरोबर होता आणि उत्तर त्या प्रश्नाचं नव्हतं, हे एजंटला कळत होतं, ग्राहकालाही कळत होतं.

आमच्या फ्लोअरवर टीव्ही नव्हता, मोबाइल लॉकरमध्ये. आख्खा रेसलमेनिया आम्ही भिंतीवरच्या क्यू बोर्डवर पाहिला. लढत रंगली की आकडा उतरतो, दोन लढतींच्या मध्ये चढतो. सुरुवातीलाच एकाने, कार्यक्रमाचा सूत्रधार हल्क होगनने सुपरडोमला सिल्व्हरडोम, म्हणजे भलत्याच स्टेडियमचं नाव, म्हटलं हे सांगायला फोन केला. आम्ही काय करावं अशी त्याची अपेक्षा होती देव जाणे. ब्रायन आणि ट्रिपल एचच्या वेळी आकडा चांगलाच खाली आला. पुढच्या एका फोनवरून कळलं की ब्रायन जिंकला. सीना आणि ब्रे वायटच्या लढतीत मात्र बिलांचे फोन चालू राहिले. लोक एक डोळा टीव्हीवर ठेवून जुनी येणी विचारत होते.

सात वाजून गेल्यावर क्यू शून्यावर आला आणि तिथेच राहिला. टीममधले सगळे 'अव्हेलेबल', बोर्ड हिरवागार. इतक्या मोठ्या रात्री असं होत नाही, म्हणून मी आयटीला फोन लावून लाइन चालू आहेत ना ते विचारून घेतलं. लाइन ठीक होत्या.

साडेसातच्या सुमारास बोर्ड हिरव्यावरून थेट लाल झाला. सांगलीचा एक पोरगा माझ्या समोरच्या डेस्कवर बसायचा. त्याने कॉल म्यूट केला, हेडसेटचा एक कान काढला आणि मान वळवून म्हणाला, "मॅम, हा म्हणतोय टेकर हरला."

"चित्र गेलंय का त्याचं?"

"नाही ओ. चित्र आहे. तो म्हणतोय रेफरीने चुकून तीन मोजले, तुमच्याकडे सिग्नल येतो तर तुम्ही बघून सांगा."

मी मॅनेजरच्या केबिनमध्ये गेले. तिथल्या मशीनवर इंटरनेट उघडायचं. बातमी खरी होती. लेसनरने अंडरटेकरला एफ-फाइव्ह हा आपला खास डाव दोनदा मारला, दोन्ही वेळा तो सुटला. मग अंडरटेकरने लेसनरला टूम्बस्टोन या स्वतःच्या डावासाठी उचललं, लेसनरने त्यातूनच डाव पलटवून तिसरा एफ-फाइव्ह मारला आणि रेफरीचा हात तीनदा पडला. पडद्यावर २१-१. कंपनीच्या आकड्याप्रमाणे ७५,१६७ लोक त्या स्टेडियममध्ये होते. त्यांचे उघडे राहिलेले जबडे आणि डोक्याला लावलेले हात पुढे महिनाभर सगळीकडे फिरत होते.

बाहेर आले तर बारा जण एकच वाक्य बोलत होते: "कार्यक्रम सुरू झाल्यावर रिफंड देता येत नाही, सर." कुणी म्हणत होता तुम्ही चुकीचं फीड दाखवलं, कुणी म्हणत होता पुढच्या महिन्यापासून केबलच काढून टाकतो. एका बाईंचा मुलगा मागे मोठ्याने रडत होता आणि त्या नगरच्या मुलीला विचारत होत्या, याला मी आता झोपवू कसा?

प्रत्येक रिफंड-कॉल संपवताना सिस्टिममध्ये कारण निवडावं लागायचं. यादी ठरलेली: सिग्नल गेला, चुकून ऑर्डर, दुहेरी आकारणी, इतर. त्या तासाभरात आमच्याकडे जमा झालं ते सगळं 'इतर'.

कोल्हापूरच्या खासबागेत नुरा, म्हणजे निकाल आधीच ठरवलेली, कुस्ती लावली तर लोक मैदान डोक्यावर घेतात. इथे नुरा आहे हे माहीत असूनच पैसे दिलेले होते. जो माणूस पाच मिनिटं भांडत होता त्याला विचारलं असतं तर त्यानेच सांगितलं असतं की सगळं ठरवून असतं. राग हरण्याचा नव्हता. खेळात आपला माणूस हरला तर दोष नशिबाला देता येतो, पावसाला, पंचाला देता येतो. इथे कुणीतरी बसून ठरवलेलं असतं, आणि त्या 'कुणीतरी'ला फोन लावता येत नाही. म्हणून तो आम्हाला लागला. पुढे अंडरटेकरने मुलाखतींत सांगितलं की शेवटचा निर्णय त्याच दिवशी विन्स मॅकमहनने दिला. लढतीत डोक्याला मार लागून त्याला हॉस्पिटलमध्ये न्यावं लागलं, आणि ती लढत त्याला आठवतही नाही. ज्याच्यासाठी लोक आमच्याशी भांडत होते त्याच्याकडेच त्या रात्रीचा हिशेब नव्हता.

माझ्या मते निर्णय वाईट होता. एवढी वर्षं राखून ठेवलेली गोष्ट एखाद्या नव्या पोराच्या नावावर करायची, लेसनर तर आधीच मोठा होता. भाऊ अजून यावरून भांडतो.

सांगलीच्या पोराचा पुढचा एक कॉल संपेचना. बोर्डवर नऊ मिनिटं दिसली तेव्हा मी बार्ज करून, म्हणजे त्याच्या कॉलवर शिरून, ऐकायला गेले. पलीकडे चाळिशीचा वाटणारा माणूस, आवाज शांत.

"मला पैसे नकोत रे. तू कुठून बोलतोयस?"

"अमेरिकेबाहेरून, सर." आम्हाला एवढंच सांगायची परवानगी होती.

"इंडिया का?" तो हसला. "तिथे माहितीये हा माणूस?"

आणि आमच्या पोराने ट्रेनिंगमध्ये घोटवलेला सगळा अमेरिकन उच्चार सोडून दिला. पैलवानांच्या ट्रम्प कार्डांच्या खेळाचं सांगायला लागला. शाळेत मधल्या सुट्टीत व्हरांड्यात बसायचं, उंची बोलायची का वजन, छाती का बायसेप्स हे पान बघून ठरवायचं. अंडरटेकरचं पान ज्याच्याकडे असेल तो पाच पानांना ते द्यायचा नाही. गल्लीतली मोठी पोरं सांगायची की हा सात वेळा मेलाय आणि सातही वेळा परत आलाय. त्यावर पलीकडचा म्हणाला की आमच्या शाळेतही असलंच काहीतरी सांगायचे, आम्ही तर त्याला घाबरून दिवा लावून झोपायचो.

टार्गेट सात मिनिटांचं होतं, क्यूमध्ये माणसं ताटकळत होती. कॉल तोडायला सांगणं माझं काम होतं. मी हेडसेट काढून ठेवला आणि दुसऱ्या डेस्ककडे गेले. कॉल वीसेक मिनिटांनी संपला. त्याने कारण निवडलं, 'इतर', आणि पुढचा फोन घेतला.

नऊच्या आत बोर्ड परत उतरला. ब्रायनने बटिस्टाला सबमिशनवर, म्हणजे हार मानायला लावून, हरवलं आणि दोन्ही पट्टे उंचावले. सुपरडोमभर लोक हात वर करून 'येस, येस' ओरडत होते, हे मी संध्याकाळी घरी पाहिलं. आमच्याकडे त्याची खबर द्यायला एकही फोन आला नाही. खूश झालेला ग्राहक कस्टमर केअरला कशाला फोन करेल?

त्याच दिवशी अमेरिकेत जाहीर झालं की नव्या नेटवर्कचे ६,६७,२८७ वर्गणीदार झाले आहेत. आठवड्याने क्वालिटीवाल्यांची मेल आली की आपल्या क्यूमध्ये 'इतर'चं प्रमाण एवढं का, नेमकी कारणं द्या. मी 'निकाल मान्य नाही' हे नवीन कारण सुचवलं. ते फेटाळलं गेलं. यादीत टाकलं तर त्यावर रिफंड द्यावा लागेल की नाही हे क्लायंटला ठरवावं लागलं असतं.

ऑगस्टच्या समरस्लॅममध्ये लेसनरने सीनाला सोळा जर्मन सुप्लेक्स मारून पट्टा काढून घेतला. एप्रिलमधल्या निकालाचा उपयोग त्यासाठी झाला, असं भावाचं म्हणणं. आमच्याकडे त्या पहाटे फोन इतके कमी आले की मी टीममधले तिघे ब्रॉडबँडच्या क्यूला देऊन टाकले. त्यात तो सांगलीचा पोरगाही होता. तिकडे गेल्यावर त्याचा एएचटी फारच सुधारला.