२० लाइफला हातही न लावता

आज नौपाड्यात ‘मॅजिक: द गॅदरिंग’ या पत्त्यांच्या खेळाची छोटी टूर्नामेंट खेळलो. चार राउंड, दोन जिंकले, दोन हरलो. पण डोक्यात अजून तिसराच राउंड फिरतोय.

बहुतेकांचे डेक, म्हणजे स्वतः जुळवून आणलेले पत्त्यांचे संच, एकाच वाटेचे, समोरच्याचं २० लाइफ, म्हणजे सुरुवातीचे जीवन-गुण, भराभर शून्यावर आणून त्याला हरवायचं. माझा डेक मिलचा. लाइफकडे बघायचंच नाही, समोरच्याची लायब्ररी, म्हणजे न उचललेल्या पत्त्यांची गड्डी, वरून थोडीथोडी ग्रेव्हयार्डमध्ये, म्हणजे बाद पत्त्यांच्या ढिगात, घालवायची. ६० पत्त्यांचा डेक असेल तर ७ सुरुवातीलाच हातात जातात, उरतात ५३. रिकाम्या गड्डीतून पत्ता उचलायची वेळ आली की तो खेळाडू हरतो. तीन महिने रोज रात्री हाच हिशेब मांडत होतो. मित्र म्हणायचे, असला डेक नेऊ नकोस. मला मात्र तोच खेळायचा होता.

तिसऱ्या राउंडला समोर दहावीतला मुलगा. फार सुंदर खेळला. मी २ लाइफवर आलो होतो, त्याच्या पुढच्या हल्ल्यात संपणारच होतो. त्याची पाळी आली. सवयीने पत्ता उचलायला हात गेला आणि बोटं नुसत्या मॅटवर टेकली. क्षणभर तशीच राहिली. मग त्याने वर बघितलं, हात मिळवला आणि म्हणाला, “दादा, हे मला दाखवशील?”

चौथा राउंड सुरू होईपर्यंत आम्ही दोघं माझे पत्ते टेबलावर पसरून बसलो होतो. चहा तसाच गार झाला.