लोहगाव शेल्फ, नोंद ११: कॅनबेराचं नाक उललं

मंडळी, पुण्याच्या लोहगाव हवाई तळावरची विमानं मी शेल्फवर छोट्या प्लास्टिक मॉडेलांत उभी करतोय. त्यातल्या ज्या कॅनबेरा बॉम्बरचं मागच्या पावसाळ्यात तुम्ही भरभरून कौतुक केलंत, त्याचं नाक उललंय.

गुरुवारी शोकेस पुसायला घेतली. नाकाखालचा जोड पुढच्या चाकापर्यंत उकललेला, आणि फटीत तांदळाच्या पिठीसारखी भुकटी. पुट्टी सुटली असेल म्हणून नखाने खरवडणार होतो, तेवढ्यात डोक्यात प्रकाश पडला. ते शिसं होतं.

चूक सर्वस्वी माझी. एअरगनचे छर्रे पांढऱ्या गोंदात कालवून नाकात भरल्याचं नोंद ७ मध्ये मोठ्या रुबाबात लिहिलं होतं. आपल्यातल्या एका काकांनी तेव्हाच बजावलं होतं, "शिसं आणि पांढरा गोंद एकत्र नको रे." मी हो हो केलं आणि विसरलो. गोंदातून हळूहळू अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड सुटतं, त्याने शिसं सडतं, आणि सडलेल्या शिशाला मूळ शिशापेक्षा जास्त जागा लागते. नाक चारी बाजूंनी बंद. मग प्लास्टिकच हार मानतं. हे व्हायला जेमतेम वर्ष लागलं. तुमच्यापैकी कुणी असं केलं असेल तर आजच जोड तपासा. आणि ती भुकटी कोरडी घासू नका, विषारी असते. हातमोजे घाला, ओल्या कापसाने टिपून घ्या.

बरं, वजन टाळताही येत नाही, कारण कॅनबेरा जातिवंत टेल-सिटर: नाकात वजन नसेल तर शेपटीवर बसतं. मिगच्या नाकातल्या शंकूत काय वाटेल ते कोंबता येतं. इथे नाक काचेचं, आणि आत नॅव्हिगेटर. बी(आय)५८ मध्ये, म्हणजे आपल्या हवाई दलाच्या कॅनबेरात, पायलट वर, डावीकडे सरकवलेल्या कॅनोपीखाली (काचेच्या झाकणाखाली). नॅव्हिगेटर खाली पुढे. इजेक्शन सीट फक्त पायलटला. नॅव्हिगेटरने पॅराशूट बांधून उजवीकडच्या दारातून उडी मारायची. १/७२ मध्ये, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढ्या मॉडेलमध्ये, ते दार करंगळीच्या नखाएवढं दिसतं. रंगवताना दर वेळी माझा हात तिथे थबकतो.

तर आता हिशोब. सोनाराच्या काट्यावर तोलून पाहिलं: मुख्य चाकांच्या पुढे ९ सेंटीमीटरवर किमान २२ ग्रॅम हवेत. पूर्वी ते नॅव्हिगेटरच्या पाठीमागच्या भिंतीआड होते. पुन्हा शिसं भरायची माझी छाती नाही. सायकलच्या दुकानातले पाव इंची छर्रे आणले, पोलादी, एकेक साधारण एक ग्रॅमचा. पण पोलाद शिशापेक्षा हलकं, तेवढ्या जागेत बारासुद्धा मावेनात. दोन संध्याकाळी यात गेल्या. नॅव्हिगेटरची खुर्ची काढली, परत लावली, परत काढली. मोडलीच शेवटी.

शनिवारी मुलाच्या डार्टच्या डब्यात उत्तर सापडलं. डार्टचा मधला दांडा टंगस्टनचा असतो! एकच दांडा १८ ग्रॅम, आणि पेन्सिलीपेक्षा बारीक. पुढच्या चाकाच्या खाचेशेजारी आडवा बसला, चाकांपासून सरासरी ८ सेंटीमीटरवर. वजन गुणिले अंतर: २२ × ९ म्हणजे १९८ हवे होते, १८ × ८ म्हणजे १४४ झाले. उरलेले ५४ इंजिनांच्या नॅसेलच्या (कवचाच्या) तोंडात: तिथे अंतर फक्त ३ सेंटीमीटर, म्हणून १८ ग्रॅम लागले. इनटेकमधले (हवा आत घेणाऱ्या तोंडातले) शंकू हलकेच उचकटले, दोन्हीकडे नऊ-नऊ छर्रे, वर दोन भागांचं इपॉक्सी. छर्रे मागे घरंगळू नयेत म्हणून विमान रात्रभर कापसाच्या बरणीत नाक खुपसून उभं. (मुलाला नवा डार्ट कबूल केलाय. महाग पडलं.)

सकाळी उठवलं. तीन चाकांवर उभं! शेपटीला टिचकी मारली. डुललं आणि परत पुढे आलं. तो क्षण मी चहा गार होईपर्यंत पाहत बसलो.

"एवढा आटापिटा कशाला, मॉडेलखालच्या बेसवर पिनेने ठोक," असं कुणीतरी म्हणेलच. माझ्या मते ती लबाडी. पण... हे लिहिता लिहिताच सुचतंय, बेस हवाच की! १९३९ मध्ये मुंबईच्या हवाई संरक्षणासाठी आखलेला हा लोहगावचा तळ; शेल्फवर मिग-२९ (तळावर आलं १९८७ मध्ये) येणार, सुखोई (१९९७ मध्ये) येणार, सगळी एकाच काँक्रीटवर उभी राहिली तर? १९५७ मध्ये भारताने ५४ बी(आय)५८ मागवली, त्यातली ३५ क्रमांकाच्या स्क्वॉड्रनची लोहगावला असायची. ११ मे २००७ला कॅनबेराला आग्र्यात निरोप मिळाला, तेव्हा सुखोई इथे रुळून गेलं होतं. म्हणजे कॅनबेरा मागच्या रांगेत, जरा तिरकं. अडचण एकच: संदर्भ. आपला पुण्याचा विमानतळ त्याच धावपट्टीवर, आणि विमान थांबायच्या आत घोषणा होते की फोटो काढू नका. काँक्रीटचा रंग खिडकीतून डोळ्यांनी टिपायचा आणि घरी येऊन लगेच कालवायचा.

नाकाचा जोड अजून उघडाच आहे. आत आता शिशाचा कण नाही, तरी दोन आठवडे तसाच ठेवणार. मधल्या वेळात डिकल, म्हणजे विमानावर चिकटवायची चित्रं. मागवलेल्या हवाई दलाच्या चक्रांतलं केशरी जवळजवळ लाल निघालंय, त्यावर सीमाशुल्क वेगळं. बाहेर केशरी, मध्ये पांढरा, आत हिरवा: तीन वर्तुळं, मास्क (रंग अडवणारे कागद) कापून एअरब्रशने स्वतःच मारावीत म्हणतो. १/७२ मध्ये सुबक गोल कापायला कुणी काय वापरतं?