४४ किलो गॅस

आमच्या कंपनीचं सस्टेनेबिलिटी रेटिंग, म्हणजे पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीसाठी मिळणारे गुण, दोन वर्षं एकाच जागी अडकलं होतं. या वेळी गुण वाढले नाहीत तर पुरवठादारांच्या यादीत ठेवणं अवघड आहे, असं आमच्या सगळ्यात मोठ्या ग्राहकाने कळवलं होतं. लोकांना वाटतं हे काम झाडं लावण्याचं. प्रत्यक्षात दिवस जातात पुरावे जमवण्यात: सही आणि तारीख असलेली धोरणं, प्रशिक्षणाचे हजेरीपट, वीजबिलं, डिझेलच्या पावत्या.

रेटिंगची प्रश्नावली भरून पाठवायला तीन दिवस उरले असताना मी मीटरचा फोटो घ्यायला शीतगृहाच्या मशीन रूममध्ये उतरले. कोपऱ्यात रिकामे सिलिंडर दिसले.

"हे कसले?"

"गॅस टॉप-अपचे, मॅडम. दरवर्षी भरावाच लागतो," मेंटेनन्सचे सुपरवायझर म्हणाले आणि रजिस्टर पुढे केलं. वर्षभरात ४४ किलो आर-४०४ए.

माझ्या पोटात गोळा आला. रेफ्रिजरंट, म्हणजे शीतगृह थंड ठेवणारा हा गॅस, बंद सर्किटमध्ये फिरतो, तो संपत नाही. मशीन तेच असेल, तर जेवढा टॉप-अप तेवढी गळती. स्वतःच्या यंत्रातली गळती जीएचजी प्रोटोकॉल या हरितगृह वायू मोजण्याच्या नियमावलीनुसार स्कोप १ मध्ये, म्हणजे थेट उत्सर्जनात धरायची असते. आमच्या उत्सर्जनाच्या तक्त्यातल्या गुणांकानुसार हा गॅस एक किलो सुटला की ३,९२२ किलो कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं होतं. ४४ किलोचे झाले जवळपास १७३ टन. साधारण ६४ हजार लिटर डिझेल जाळल्यासारखं. आणि आम्ही जनरेटरच्या डिझेलचा लिटर न् लिटर मोजत बसलो होतो!

आमच्या तक्त्यात त्या ओळीत शून्य होतं. ते सल्लागाराने लिहिलं होतं. तो कधी मशीन रूममध्ये उतरलाच नव्हता. पण पुढच्या वर्षी ते शून्य तसंच उतरवून घेतलं मी, हेही खरं.

संध्याकाळच्या बैठकीत संचालक म्हणाले, "ही ओळ आत्ता घातली तर उत्सर्जन वाढलेलं दिसेल. पुढच्या वर्षी बघू." मी मान खाली घालून बसले होते. बोलले ते अकाउंट्सचे प्रमुख, ज्यांना मी आजवर अडवणारा माणूस समजत आले होते. "ताळेबंदात एवढी चूक सापडली तर मागचे आकडेही दुरुस्त करतो आपण. इथे वेगळा नियम का?"

प्रोटोकॉलही तेच सांगतो: चूक लक्षणीय असेल तर आधारवर्षाचा, म्हणजे ज्या वर्षाशी तुलना करतो त्याचा, आकडा पुन्हा काढायचा. रात्री जुनी रजिस्टरं काढून तो काढला आणि खुलासा जोडला.

गळती शोधायला सुपरवायझरांना अर्धा दिवस पुरला. व्हॉल्व्हच्या ग्लँडपाशी, म्हणजे दांड्याभोवतीच्या सीलपाशी, तेलाचा ओघळ होता, साबणाचं पाणी लावताच फेस आला. ग्लँडचं पॅकिंग आणि दोन व्हॉल्व्ह बदलून मागणारे त्यांचे दोन अर्ज खरेदी विभागात पडून होते. गॅस नेहमीच्या दुरुस्तीखर्चातून विनाचौकशी यायचा, व्हॉल्व्हला मात्र वेगळी मंजुरी लागायची. एवढ्यासाठी एवढा गॅस हवेत गेला, हे अजून मनातून जात नाही.

रेटिंग वाढलं. निकालपत्र उघडून ओळ न् ओळ वाचली. बहुतेक गुण पुरवठादारांसाठीच्या आचारसंहितेचे आणि तक्रार नोंदवण्याच्या लेखी पद्धतीचे होते. दोन्ही कागद मी खुर्चीत बसून लिहिले होते. गळतीबद्दल एक शब्द नव्हता. संचालकांनी अभिनंदनाच्या मेलमध्ये माझं नाव लिहिलं, सुपरवायझरांचं राहिलं. मी उत्तरात ते घातलं.

या वर्षीच्या रजिस्टरात आतापर्यंत ६ किलो भरल्याची नोंद आहे. त्या पानाचा फोटो पुराव्यांच्या फोल्डरमध्ये ठेवलाय. प्रश्नावलीत तो कोणत्या प्रश्नाखाली बसेल, ते अजून शोधते आहे.