मास्टर बंड्या, वय ७, थायरॉइड ‘लो’

आमच्या बंड्याला थायरॉइड आहे हे आता नक्की झालंय, गोळ्या चालू आहेत आणि रामबागेतल्या दूधवाल्यावर तो पुन्हा भुंकायला लागलाय. पण हे नक्की होण्याआधी मध्ये एका लॅबचा काउंटर लागला. त्याबद्दल लिहिल्याशिवाय मला काही चैन पडायचं नाही.

बंड्या लॅब्रॅडॉर. खाणं होतं तेवढंच, पण वजन वाढत चाललेलं. अंगाच्या दोन्ही बाजूंचे केस सारखेच विरळ झाले, शेपटी तर उंदरासारखी बोडकी, आणि खाज मात्र अजिबात नाही. इंदूरच्या मे महिन्यात हा भर उन्हात ओट्यावर पसरायचा. जवळच्या डॉक्टरांनी टी-फोर (थायरॉइड ग्रंथीचं संप्रेरक) आणि टीएसएच (त्या ग्रंथीला कामाला लावणारं, मेंदूतल्या पिट्यूटरी ग्रंथीचं संप्रेरक) या तपासण्या लिहून दिल्या, रक्तही काढून दिलं, म्हणाले कुठल्याही लॅबमध्ये टाका.

‘कुठल्याही’ इथेच सगळं अडलं.

काउंटरवरच्या मुलाच्या कॉम्प्युटरमध्ये ‘कुत्रा’ लिहायला जागाच नव्हती. “आंटी, मास्टर लिख देता हूँ, चलेगा.” संध्याकाळी रिपोर्ट आला: मास्टर बंड्या, सात वर्षे, पुरुष. टी-फोर ०.९ आणि पुढे ठळक अक्षरात ‘लो’. टीएसएच जवळजवळ शून्य. खाली शेरा, पिट्यूटरी ग्रंथीची तपासणी करून घ्यावी. डॉक्टरकी शिकणाऱ्या भाच्याला फोन केला, तर तो गंभीर आवाजात म्हणाला, “मावशी, दोन्ही कमी म्हणजे मेंदूकडे बघावं लागेल.” त्या रात्री घरात कोणाचा डोळा लागला नाही. बंड्या तेवढा घोरत होता.

सकाळी जाऊन विचारलं, ही नॉर्मल रेंज कोणाची छापलीय? “मशीन से आती है.” मशीनला कोणाची सांगितलीय? “सात साल के बच्चे की.” मग साहेब बाहेर आले. ते म्हणाले, रेंज तो रेंज होती है, आप डॉक्टर से समझ लीजिए. पैसे परत मागितले तर म्हणे टेस्ट तो हुआ है ना.

हे मला नंतर कळलं ते असं. टी-फोर हा रेणू माणसात आणि कुत्र्यात एकच, पण कुत्र्यात त्याचं प्रमाण मुळातच कमी असतं. साधारण १ ते ४ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर. माणसाची रेंज सुरूच होते पाचच्या आसपास. म्हणजे या लॅबमध्ये इंदुरातला झाडून प्रत्येक कुत्रा ‘लो’ निघणार! टीएसएचचं तर त्याहून वाईट. ते प्रथिन प्राण्यागणिक वेगळं, माणसाच्या किटला कुत्र्याचं धड ओळखताच येत नाही, म्हणून ते शून्य. आणि कुत्र्यांमध्ये पिट्यूटरीमुळे थायरॉइड कमी होणं फारच दुर्मीळ. बहुतेकांची थायरॉइड ग्रंथीच खराब झालेली असते.

हे सांगितलं महूच्या पशुवैद्यकीय कॉलेजात शिकलेल्या एका डॉक्टरीणबाईंनी. त्यांनी रिपोर्ट बाजूला सारला आणि पहिला प्रश्न विचारला, “गेल्या महिन्यात काय काय औषधं दिलीत?” कानासाठी स्टेरॉइड चालू होतं. त्यानेही टी-फोर खाली येतो, फिटच्या फेनोबार्बिटलनेही येतो, नुसत्या आजारपणानेही येतो. म्हणून आधी कान बरा करायचा, मग काही आठवडे थांबायचं. मी थांबले, पण गुण्यागोविंदाने नाही.

मग प्राण्यांच्याच लॅबला बर्फाच्या पाकिटात सीरम गेलं. टी-फोर एकच्या खालीच, फ्री टी-फोर (रक्तात मोकळा फिरणारा) तोही कमी, कुत्र्याच्या किटवर टीएसएच ०.९ म्हणजे वाढलेला, कोलेस्टेरॉल ४८०, तेही वाढलेलं. आता कुठे चित्र जुळलं. (थायरॉइड असूनही टीएसएच नॉर्मल येणारे कुत्रे बरेच असतात, तेव्हा त्या एका आकड्यावर विसंबू नका.) मी मुद्दाम तो कागद घेऊन काउंटरवर गेले. तर तो मुलगा म्हणतो कसा, “हमने भी तो कम ही बताया था, आंटी!”

तेव्हा रक्त देण्याआधी फोन करून विचारा: टीएसएचचं किट कुत्र्याचं आहे का, रेंज कुत्र्याची छापता का. उत्तर द्यायला अडखळले की फोन ठेवा.

केमिस्टशीही वाद होईल, तयारीत राहा. थायरॉइडच्या गोळीचा कुत्र्याचा डोस किलोमागे ०.०२ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. बंड्याचं वजन असायला हवं तेवढं, ३० किलो, धरून १०० मायक्रोग्रॅमच्या सहा गोळ्या सकाळी, सहा संध्याकाळी. “इतनी तो आदमी को भी नहीं देते!” बरोबर आहे भिया, कुत्र्याच्या पोटात ती कमी शोषली जाते आणि लवकर निघूनही जाते. चिठ्ठी पुढे करा आणि गप्प उभे राहा.

हुशारी पंधरवड्यात दिसते, केसांना महिने लागतात. आणि हो, गोळी सुरू झाल्यावरची रक्ततपासणी गोळीनंतर चार ते सहा तासांनी करतात. सकाळी आठला गोळी दिली असेल तर लॅबवाल्याला नऊला घरी बोलावू नका.