'न्यू जर्सी'च्या १६ इंची तोफा: कॅम्डेनची एक फेरी

न्यू जर्सीतल्या एडिसन-प्रिन्स्टनकडच्या मराठी घरांत पाहुणे आले की फिलाडेल्फियाची लिबर्टी बेल ठरलेलीच. पण नदीच्या अलीकडच्या काठावर, कॅम्डेनला, 'न्यू जर्सी' ही आता संग्रहालय झालेली अमेरिकी युद्धनौका उभी आहे आणि तिच्याकडे फारसं कुणी वळत नाही. आम्ही दिवस तिच्यासाठीच राखला होता, तोही मुख्यतः तोफांसाठी.

धक्क्यावरून १६ इंच व्यासाच्या तोंडाच्या नऊ नळ्या दिसतात, तीन बुरुजांत (तोफा बसवलेल्या फिरत्या चिलखती खोल्यांत) तीन-तीन. एकेक नळी सुमारे २० मीटर लांब आणि १२० टनांच्या आसपास. बरेच जण तिथेच फोटो काढून खूश होतात. मला वाटतं, खरी तोफ खाली आहे. दुसऱ्या बुरुजाचा पसारा डेकखाली पाच मजले उतरतो, आणि तो पाहिल्याशिवाय परत फिरू नये. बुरुजाचा किती भाग उघडा असतो ते बदलत असतं, म्हणून तिकीट काढतानाच विचारा.

आत जागा अगदी चिंचोळी. ब्रीचच्या, म्हणजे नळीच्या मागच्या तोंडाच्या, दट्ट्यावरचे आटे पायरी-पायरीने कापलेले आहेत. त्यामुळे थोडं फिरवलं तरी तो घट्ट बसतो. चिलखतभेदी गोळा १,२२५ किलोचा. त्यामागे दारूच्या सहा रेशमी पिशव्या, प्रत्येकी सुमारे ५० किलोच्या. रेशीम का, तर ते जळून पूर्ण संपतं, मागे निखारा राहत नाही. तरीही प्रत्येक वेळी तोफ डागल्यावर नळीतून दाबाची हवा सोडत, कारण एक ठिणगी पुरे. १९८९ मध्ये 'आयोवा' या जुळ्या नौकेच्या दुसऱ्या बुरुजात स्फोट होऊन ४७ खलाशी गेले. तशाच खोलीत उभं राहून हे ऐकताना कुणी काही बोललं नाही.

गोळ्यांच्या मजल्यावर जरा थांबा. गोळे उभे रचलेले असत आणि खलाशी ते दोर नि फिरत्या रहाटांच्या जोरावर, तेलकट लोखंडी जमिनीवरून उभेच सरकवत उचलयंत्रापर्यंत नेत. समुद्र खवळलेला असताना हे काम कसं होत असेल याचा अंदाज तिथेच येतो. दारूकोठारं याहून खाली, बुरुजाबाहेर, वेगळ्या बंद खोल्यांत.

मला सर्वांत भावली ती नेम मांडण्याची खोली. तिथला गणकयंत्राचा पेटारा दातेरी चाकांवर चालतो. आपला वेग, शत्रूचा वेग, वारा, नळीची झीज असं सगळं जमेला धरून तो ३८ किलोमीटरपर्यंतचा नेम देई. तिथेच पितळी मुठीचे चाप आहेत. तोफ डागली जाई ती इथून. १९८० च्या दशकात टॉमाहॉक क्षेपणास्त्रं बसवली तेव्हाही तोफांसाठी हाच पेटारा ठेवला. १९८४ मध्ये लेबननच्या किनाऱ्यावर मारा झाला तोही याच यंत्रणेने.

तोफा सुटल्या की जहाज बाजूला ढकललं जातं, असं तुम्हीही ऐकलं असेल. तसं होत नाही. धक्का नळीच्या मागे सरकण्यात जिरतो, आणि उरलेल्याने हजारो टनांचं जहाज हलत नाही.

जायचं कसं? ट्रेंटनपर्यंत एनजे ट्रान्झिटची रेल्वे, पुढे रिव्हर लाइनच्या गाडीने कॅम्डेनचा नदीकाठ. फिलाडेल्फियाहून पॅटकोची रेल्वे. निवांत अर्धा दिवस हाताशी ठेवा. जिने जवळजवळ उभे आहेत, दोन्ही हात मोकळे लागतात, तेव्हा बूट घाला आणि पाठीवर मोठी बॅग नको. गुडघ्यांचा त्रास असलेल्या आई-बाबांना वरच्या लाकडी डेकवरच फिरवा, नळ्या तिथूनही छान दिसतात. लहान मुलं कंटाळली तर मत्स्यालय जवळच आहे. उन्हाळ्यात पाणी जवळ ठेवा.

गाडी असेल आणि हौस उरली असेल तर दुसऱ्या दिवशी डेलावेअरमधल्या केप हेनलोपनला, फोर्ट माइल्सला जा. २ सप्टेंबर १९४५ ला टोकियोच्या उपसागरात जपानने शरणागतीवर सही केली तेव्हा 'मिसुरी' या दुसऱ्या जुळ्या नौकेवर असलेली एक १६ इंची नळी तिथे ठेवली आहे. जहाजावर न चढता, अगदी जवळून पाहता येते.