जॉइंट खातं काढू का, मावशी?

लग्न ठरलं, हॉल बुक झाला, साड्या घेऊन झाल्या, की कोणीतरी मला हळूच बाजूला घेतं. बहुतेक वेळा नवरी मुलगीच. "मावशी, लग्नानंतर खातं जॉइंट करायचं की आपापलं ठेवायचं?" माझी नोकरी निफाड-लासलगाव पट्ट्यात बँकेच्या काउंटरवर गेली, म्हणून हा प्रश्न माझ्या वाट्याला. विचारते खात्याबद्दल, पण धाकधूक वेगळीच असते. वेगळं ठेवलं तर त्याला काय वाटेल? आणि एकत्र केलं तर माझं म्हणून काय उरेल?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. तीन खाती ठेवा. एक घराचं, दोघांच्या नावावर. बाकीची दोन ज्याची त्याची. घराच्या खात्यात पैसे टाकायचे ते पगाराच्या प्रमाणात, निम्मे-निम्मे नाहीत. समजा, त्याला ८० हजार मिळतात, तिला ३०, आणि घराला महिन्याला ४४ लागतात. दोघांनी २२-२२ टाकले की त्याच्याकडे ५८ उरतात आणि तिच्याकडे ८. दिसायला समान, पण दिवाळीला आईला साडी घ्यायची तर तिलाच विचार करावा लागणार. तेच त्याने ३२ आणि तिने १२ टाकले, तर तिच्या हातात १८ राहतात. नोकरी एकाचीच असेल, तर दुसऱ्याच्या खात्यात दर महिन्याला ठरलेली रक्कम आपोआप जायला हवी. "लागेल तेव्हा माग की" ही सोय मला पटत नाही. चाळिशीतल्या बाईने ब्लाउज शिवायला पैसे मागायचे, आणि त्याने पाकीट काढता काढता "परवाच दिले होते ना?" म्हणायचं, हे मी काउंटरच्या अलीकडून फार पाहिलंय.

पण आपलं खातं असणं वेगळं आणि लपवलेलं असणं वेगळं. हा फरक २०१६च्या नोव्हेंबरमध्ये जेवढा उघडा पडला तेवढा एरवी कधी पडला नसेल. ८ तारखेला रात्री पाचशे-हजारच्या नोटा बंद झाल्या आणि दोन दिवसांनी आमच्या शाखेपुढे बायकांचीही रांग लागली. डाळीच्या डब्यातले, गोधडीच्या घडीतले, देव्हाऱ्यामागचे पैसे बाहेर आले. एका बाईंनी रुमालाची गाठ सोडली, तर नोटांना हळदीचा वास. मी मोजत होते आणि रांगेत मागे उभे असलेले त्यांचे मालक मान उंच करून बघत होते. शेवटी न राहवून पुढे आले. "एवढे कुठून आले?"

"तुमच्याच कांद्यातून," बाई म्हणाल्या.

रांग हसली. ते मात्र हसले नाहीत. जरा वेळाने, आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "मागच्या साली खतासाठी व्याजाने काढले, तेव्हा हे घरातच होते?" बाई काही बोलल्या नाहीत, स्लिपवर अंगठा उठवून बाजूला झाल्या.

मला दोघांचंही पटलं होतं. सांगितले असते तर पैसे त्याच आठवड्यात दुकानदाराकडे गेले असते, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. मुलीच्या बाळंतपणाला मग कोणाकडे हात पसरायचा? आणि त्या गृहस्थांनी घरात पैसे असताना व्याज भरलं, हेही खरंच. म्हणून माझा नियम असा, की कोणाच्या खात्यात किती आहे ते दोघांना माहीत असावं, पण खर्च कशावर केला ते विचारू नये. माझ्या खात्यातून माहेरी काय जातं ते आमच्या ह्यांनी कधी विचारलं नाही, आणि ह्यांच्या खात्यातून जुने रेडिओ किती आले ते मी विचारत नाही. (ते ठेवायचे कुठे, हे मात्र विचारते.)

"माझा ह्यांच्यावर पूर्ण विश्वास आहे, मी कधी काही बघितलंच नाही," असं कौतुकाने सांगणाऱ्या बायकांची मला काळजी वाटते. नवरा गेल्यावर पिशवीभर कागद टेबलावर ओतून "यातलं काय कामाचं बघा हो" म्हणणाऱ्या बहुतेक त्याच असायच्या. कर्ज कुठल्या सोसायटीचं, पॉलिसी चालू आहे की बंद पडली, काही पत्ता नसतो. त्या दिवसांत मुळात काही सुचत नाही, त्यात हे.

तेव्हा खातं काढताना 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' लिहा. दोघांपैकी कोणीही पैसे काढू शकतं, आणि एक गेलं तर दुसऱ्याला कोर्टाच्या वारस दाखल्यावाचून रक्कम मिळते. शिवाय प्रत्येक खात्याला, एफडीला नॉमिनी द्या. खातेदार गेल्यावर, कागद पूर्ण असले तर पैशांचा दावा पंधरा दिवसांत निकाली काढायचा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. तो वारसांच्या वतीने पैसे हातात घेतो एवढंच. वारस कोण, ते कायदा ठरवतो, आणि इथे सुशिक्षित जोडपीसुद्धा चकित होतात. १९५६च्या हिंदू वारसा कायद्यानुसार नवरा मृत्युपत्र न करता गेला, तर त्याने कमावलेल्यात बायको-मुलांच्या बरोबरीने त्याच्या आईचाही वाटा असतो. मूलबाळ नसलेली बायको तशीच गेली, तर तिने कमावलेलं नवऱ्याला जातं, आणि नवरा हयात नसेल तर त्याच्या वारसांना. तिला शिकवणाऱ्या आईवडिलांचा नंबर त्यानंतर. एका साखरपुड्यात हे ऐकून नवरी मुलीने तिथल्या तिथे "मग आम्ही दोघं मृत्युपत्रच करतो" म्हटलं. तिच्या सासूबाईंना ते अभद्र वाटलं. मला त्या साखरपुड्यातलं तेच सगळ्यात शहाणं बोलणं वाटलं.

आणि शेती असेल तर सातबारा बघा. आमच्याच नाशिक जिल्ह्यात, चांदवडला, १९८६ साली शेतकरी संघटनेने शेतकरी महिलांचं मोठं अधिवेशन भरवलं होतं. पुढे संघटनेचे नेते शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची हाक दिली, की नवऱ्यांनी आपण होऊन थोडी जमीन बायकोच्या नावे करावी. कितीतरी गावांत पुरुषांनी ती केली. पत्नीचं नाव सातबाऱ्यावर सहधारक म्हणून लावायची सोय नंतर सरकारनेही केली. तरी अजून अर्ध्या रात्री मोटार चालू करायला उठणाऱ्या बाईचं नाव उताऱ्यावर शोधायला गेलं तर सापडत नाही.

तर खातं काढायला जाल तेव्हा दोघांचे फोटो, आधार आणि पॅन घ्या, आणि मुख्य म्हणजे दोघंही जा. "फॉर्म द्या, हिची सही घरून आणतो" म्हणणाऱ्यांना मी नोकरीत असेपर्यंत परत पाठवत आले. आता माझ्या जागी कोण बसतं माहीत नाही, पण तुम्ही तरी तसं म्हणू नका.